डोंगरावरचा खासगी गाळबांध सुरक्षित आहे का, हे खालच्या वस्तीने कसे ओळखावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शीळफाट्याच्या पलीकडे डोंगरउतारावर एक खडीक्रशर आहे. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, धुतल्यावर उरणारे गढूळ पाणी मालकाने मातीचा बांध घालून अडवले आहे. बांध साधारण सहा मीटर उंच आहे आणि दर उन्हाळ्यात थोडा वाढवतात. तळे हेक्टरभर पसरले आहे. खाली दीडशे घरे, एक अंगणवाडी आणि बांधाच्या अगदी पायथ्याला क्रशरच्या कामगारांच्या पत्र्याच्या शेड. भर मे महिन्यात पायथ्याशी ओल आहे, हिरवे गवत उगवले आहे. मॅनेजर म्हणतो, "इंजिनीअरचे सर्टिफिकेट आहे, आणि गाळ सुकला की त्याचा दगडच होतो." हा बांध फुटेल का, आणि तक्रार कुणाकडे करायची?

मी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षे काढली, त्यातली बहुतेक मातीच्या धरणांवर. आता ठाण्यात राहतो. बांध डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो फुटेल की नाही हे मी सांगणार नाही, आणि कुणी फोटो पाहून सांगत असेल तर त्याच्यावरही विसंबू नका. पण तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी वाचून मी अस्वस्थ झालो: मे महिन्यातली ओल आणि दर उन्हाळ्यात वाढवलेली उंची. त्या दोन्ही एकत्र असतील तर पहिल्या मोठ्या पावसाच्या आत हालचाल करायला हवी.

आधी मॅनेजरच्या म्हणण्याचे पाहू. गाळ सुकला की वरून दगडासारखा टणक होतो हे खरे आहे, पण ती फक्त साय असते. क्रश सँड धुताना जे निघून जाते ते 75 मायक्रॉनपेक्षा बारीक पीठ. त्याचे कण इतके बारीक की दोन कणांमधले पाणी बाहेर पडायला वर्षे लागतात. वर माणूस चालू शकतो, मोटरसायकलही नेता येते, आणि दीड-दोन मीटर खाली तोच गाळ दह्यासारखा असतो. स्लॅब भरताना तुम्ही पाहिले असेल: घमेल्यातले घट्ट काँक्रीट ढिगासारखे उभे राहते, पण व्हायब्रेटरची सुई लावली की क्षणात सपाट होऊन वाहू लागते. पाणी तेवढेच, माल तोच. कण एकमेकांवर टेकलेले होते, ते सुटले आणि सगळा भार पाण्यावर आला. मोकळा साचलेला, पाण्याने भरलेला बारीक गाळ असाच वागतो. त्याला हलवायला भूकंप लागतोच असे नाही. शेजारच्या खाणीतला सुरुंग पुरतो, मुसळधार पाऊस पुरतो, कधीकधी वर टाकलेल्या भरावाचे वजनही पुरते.

म्हणून मी पहिला प्रश्न विचारतो तो हा: उंची वाढवताना नवी माती कुठे टाकली? बांधाच्या बाहेरच्या, म्हणजे तुमच्या बाजूने भराव वाढवत नेला असेल तर पायथा दर वर्षी तुमच्याकडे सरकलेला दिसेल. त्याला माती जास्त लागते, खर्च जास्त येतो, पण नवा भराव जमिनीवर बसतो. उलट पायथा जिथल्या तिथे आहे आणि माथा मात्र दर वर्षी तळ्याच्या आत सरकतो आहे असे दिसले, तर नवा भराव सुकलेल्या गाळाच्या सायीवर उभा आहे. बाहेरून पाहिले तर उतारावर पायऱ्या दिसतात. हे स्वस्त पडते. जगातले सर्वात वाईट गाळबांध अपघात याच पद्धतीचे आहेत.

ब्राझीलमधल्या ब्रुमाडिन्योचा बांध असाच पायऱ्यापायऱ्यांनी आत सरकत 86 मीटर उंच झाला होता. 2016 पासून त्यात नवा गाळ टाकणेही बंद होते. 25 जानेवारी 2019 रोजी दुपारच्या जेवणाच्या वेळेला तो काही सेकंदांत वितळल्यासारखा खाली आला आणि 270 माणसे गेली. भूकंप नव्हता, सुरुंगाचा धक्काही सापडला नाही. तपासणाऱ्या तज्ज्ञांनी कारण दिले ते असे: आत पाणी भरून राहिलेले, भार सततचा, गाळ हळूहळू सरकत होता आणि आधीच्या पावसाने वरच्या कोरड्या थराची ताकद घटवली होती. त्या बांधाला काही महिन्यांपूर्वीच स्थिर असल्याचा दाखला मिळालेला होता. आणि कंपनीचे जेवणघर बांधाच्या खालच्याच अंगाला होते. तुमच्या प्रश्नातल्या पत्र्याच्या शेडबद्दल वाचताना मला तेच आठवले.

तुम्ही म्हणाल, कुठे 86 मीटर आणि कुठे आमचा सहा मीटरचा बांध. इथेच लोक फसतात. इटलीतल्या स्तावा खोऱ्यात 19 जुलै 1985 रोजी एका खाणीचे, एकावर एक असलेले दोन गाळबांध फुटले. बाहेर पडलेला गाळ सुमारे 1,80,000 घनमीटर, म्हणजे आपल्या क्रशरच्या हिशेबात 63-64 हजार ब्रास. धरणांच्या दुनियेत हा साठा किरकोळ आहे. पण खाली अरुंद दरी होती आणि दरीत घरे होती. 268 माणसे गेली. तुमच्याकडे हेक्टरभर तळे आणि सरासरी चार मीटर गाळ धरला तर 40,000 घनमीटर होतात, 14 हजार ब्रास. स्तावाच्या पावपटीच्या जवळपास. पाणी घरात शिरले तर माणूस पोहू शकतो, छपरावर चढू शकतो. हा गाळ पाण्याच्या दीडपटीहून जड असतो, तो भिंती पाडत येतो आणि थांबला की घट्ट बसतो. म्हणून किती साठा आहे यापेक्षा साठ्याच्या खाली काय आहे हे आधी बघायचे.

आता पाण्याकडे येतो, कारण गाळबांध गाळामुळे क्वचित फुटतो. बहुतेक वेळा कारण पाणी असते. चांगल्या चालवलेल्या गाळतळ्यात पाणी भिंतीपासून लांब, डोंगराच्या बाजूला ठेवतात आणि भिंतीलगत कोरड्या गाळाची रुंद पट्टी राखतात. तुमच्याकडे पाणी भिंतीला टेकलेले असेल, तर तो बांध गाळासाठी बांधलेला असून पाण्याच्या धरणाचे काम करतो आहे, आणि ते काम करायला तो बांधलेला नाही.

पावसाचा हिशेब तुम्ही स्वतः मांडू शकता. तळे एक हेक्टर, आणि डोंगरावरून त्यात उतरणारे पाणलोट आणखी पाच हेक्टर धरू. दिवसात 300 मिलिमीटर पाऊस झाला तर सहा हेक्टरवर 18,000 घनमीटर पाणी पडते. पावसाळ्यात डोंगर भिजलेला असतो, तीनचतुर्थांश तरी खाली येणारच. म्हणजे 13,500 घनमीटर, आणि हेक्टरभर तळ्याची पातळी 1.35 मीटरने वर. माथ्याखाली मीटरभरच मोकळी उंची ठेवली असेल तर पाणी बांधावरून गेले. 300 मिलिमीटर काही ऐकीव आकडा नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला होता, आणि तो दिवस ठाणे जिल्ह्यात कुणी विसरलेले नाही.

"पण पाईप टाकलाय ना," असे उत्तर हमखास येते. बांधातून गेलेला फूटभर व्यासाचा ह्यूम पाईप, पाण्याची दीड मीटर उंची असताना, सेकंदाला 200 ते 250 लिटर पाणी काढतो. तासाला 100 मिलिमीटरची सर आली तर त्याच सहा हेक्टरवरून सेकंदाला दीड हजार लिटरच्या पुढे पाणी येते. शिवाय पाईपचे तोंड झाडपाल्याने आणि प्लॅस्टिकने तुंबते ते नेमके त्याच रात्री. मातीच्या बांधाला पाईप हा सांडवा होत नाही. सांडवा म्हणजे बाजूच्या पक्क्या जमिनीत, खडकात खोदलेला उघडा चर, ज्यातून कुणी झडप न उघडता पाणी आपोआप जाईल. आणि डोंगरावरून येणारे पाणी तळ्यात शिरण्याआधीच वळवणारा चर वरच्या अंगाला हवा. हे दोन चर जेसीबीचे काही दिवसांचे काम आहे. मालकाला करायला लावण्यासारखी इतकी स्वस्त आणि इतकी उपयोगी दुसरी गोष्ट नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या मेरीस्प्रुटला 22 फेब्रुवारी 1994 च्या संध्याकाळी एका वादळी पावसाने भरलेल्या गाळतळ्याचे पाणी बांधावरून गेले आणि 17 माणसे मेली. तिथेही मोकळी उंची गाळाने खाऊन टाकली होती.

ओलीचे मी जरा सविस्तर सांगतो, कारण रोज पाहता येईल अशी ही एकच गोष्ट आहे आणि ती रोज पाहणारे तुम्हीच आहात. मातीच्या प्रत्येक बांधातून पाणी पाझरते. पाझर हा दोष नाही. तो कुठून निघतो, किती निघतो आणि गढूळ आहे का, हे तीन प्रश्न महत्त्वाचे. नीट बांधलेल्या धरणात पायथ्याला दगडांचा रॉक टो आणि गाळणथर असतो, पाझर तिथे निथळतो, माती मागे राहते. क्रशरच्या बांधात असले काही नसते. खाणीवरची ओरबाडलेली माती-मुरूम डंपरने ओतायची, वरून डंपर फिरवायचे, झाले. डंपरच्या चाकाने वरचा फूटभर थर दाबला जातो, खालचा मोकळाच राहतो. 20-25 सेंटिमीटरचे थर, योग्य ओलावा आणि प्रत्येक थरावर रोलर, हे झाले असेल तर त्याच्या घनतेच्या चाचण्यांची नोंद असते. ती मागा. नोंद नसेल तर दबाई झाली नाही असे धरून चाला.

पाझर गढूळ आहे का हे पाहण्यासाठी काचेची स्वच्छ बरणी पुरे. पाझराचे पाणी बरणीत भरा, तारीख-वेळ लिहून चिकटवा, रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी थर बसला असेल तर बांधाच्या आतून माती वाहून येते आहे. आत बोळ तयार होतो आहे, आणि तो बाहेरून आत, पाण्याच्या दिशेने वाढत जातो. पाण्याला पोचला की तासांचा खेळ उरतो. किती निघते हे मोजायला 15 लिटरची बादली आणि घड्याळ घ्या. तळ्याची पातळी वाढलेली नसताना बादली लवकर भरू लागली, तर तेही तितकेच वाईट चिन्ह. मे महिन्यातल्या ओलीचा अर्थ मी असा लावतो की पाण्याची रेषा बांधाच्या आतून थेट पायथ्याबाहेर पडते आहे. दुसरी शक्यता अशी की बांधाखाली मूळचा झरा दाबला गेला आहे. आपल्या डोंगरांत पावसाळी झरे जागोजाग फुटतात. जुन्या माणसांना विचारा, बांध होण्याआधी तिथे पाणवठा होता का. वेल्समधल्या ॲबरफॅनला कोळसाखाणीच्या मातीचा ढीग झऱ्यावरच रचला होता. 21 ऑक्टोबर 1966 ला तो घसरून शाळेवर आला. 144 जण गेले, त्यात 116 मुले होती.

आणि एक कळकळीची विनंती: पाझर दिसला म्हणून तो कुणाला लिंपू देऊ नका. मी नवखा कनिष्ठ अभियंता असताना एका पाझर तलावाच्या पायथ्याशी गळती सुरू झाली. ठेकेदाराच्या माणसांनी दोन दिवसांत तिथे मुरूम ठोकला, वर सिमेंट फासले, गळती बंद. मीही समाधानाने तशी नोंद केली. चौथ्या दिवशी तिथल्या म्हाताऱ्या चौकीदाराने मला हाताला धरून नेले आणि दाखवले: ओल दोन मीटर वर चढली होती, उतारावरचे गवत लोळले होते, माती पायाखाली मऊ लागत होती. पाण्याला वाट नाकारली म्हणून त्याने सगळा उतारच भिजवला. त्याच रात्री उताराचा एक तुकडा सरकला. तळ्यात पाणी कमी होते म्हणून खालचे शिवार वाचले. त्या नोंदीवरची माझी सही मला अजून आठवते. योग्य उपाय उलटा असतो: पाझराच्या जागी आधी स्वच्छ जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी, असे थर ठेवायचे. पाणी निघून जाते, माती अडते आणि पायथ्यावर वजनही येते. क्रशरवर हा माल ढिगाने पडलेला असतो. फक्त ते अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली, मालकाकडून करून घ्या. वस्तीतल्या पोरांनी पायथ्याशी उतरून करायचे हे काम नाही.

भेगा आणि खचण्याचे थोडक्यात. माथ्यावर बांधाच्या लांबीने जाणारी भेग म्हणजे उतार सुटतो आहे. बांधाला आडवी जाणारी भेग म्हणजे पाण्याला आरपार वाट. दोन्ही बाजूंना खुंटी ठोका आणि आठवड्याला अंतर मोजा. पाईपच्या वर खळगा पडला असेल तर पाईपलगतची माती जाते आहे, हे मी भेगेपेक्षा गंभीर मानतो. उतार मोजायला गवंड्याची लेव्हलची नळी आणि टेप घ्या. सहा मीटर उंचीला पायथ्यापासून माथ्याच्या कडेपर्यंतचे आडवे अंतर 12 ते 15 मीटर हवे. आठ-नऊच भरले तर डंपरने ओतलेली माती जिथे थांबली तोच उतार आहे, रचलेला नाही. खेकड्यांची आणि घुशींची बिळेही नोंदवा. 2019 मध्ये चिपळूणजवळचे तिवरे धरण 2 जुलैच्या रात्री फुटले तेव्हा खेकड्यांवर पुष्कळ चर्चा झाली. बिळे तपासणीच्या यादीत असतातच, पण तिवऱ्याच्या लोकांनी गळतीची तक्रार आधीच केली होती, आणि मला त्या घटनेतला तोच भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो.

आता दाखला आणि तक्रार. दाखला दाखवला तर त्यात काय आहे ते वाचा. मातीचे नमुने कुठून, किती खोलीवरून घेतले? बांधाच्या आत पाण्याची पातळी मोजायला पायझोमीटर बसवले का, त्यांची वाचने कुठे आहेत? किती पाऊस धरून सांडवा ठरवला? ज्या दिवशी सही केली त्या दिवशी बांध किती उंच होता? त्यानंतर एक मीटर जरी चढवला असेल तर तो दाखला या बांधाचा नाही.

कायद्याची बाजू अडचणीची आहे, ती आधीच माहीत असलेली बरी. धरण सुरक्षितता अधिनियम 2021 खासगी मालकालाही लागू आहे, पण तो 15 मीटरपेक्षा उंच धरणांसाठी आहे. 10 ते 15 मीटरच्या धरणांना लांबी, साठा, पूर किंवा पाया यांच्या काही अटी बसल्या तरच लागू. शिवाय त्यातली धरणाची व्याख्या नदीवर किंवा उपनदीवर पाणी अडवणाऱ्या बांधकामाची आहे. तुमचा सहा मीटरचा गाळबांध त्यात बसत नाही. म्हणून नुसते "धरण धोकादायक" असे लिहिले तर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरेल. त्याऐवजी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना करा, तेच जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005 खाली त्यांना अधिकार आहेत. खाणपट्ट्याच्या अटींसाठी त्याच अर्जाची प्रत जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांना, कारण दगड हे गौण खनिज आहे. धुण्याच्या पाण्याची आणि गाळाची विल्हेवाट कशी लावायची ठरली होती, ते संमतीपत्रात असते, त्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला प्रत. खाण कामगारांच्या सुरक्षिततेसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाला प्रत, कारण शेड पायथ्याला आहेत. तरीही हालचाल झाली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. लोकांना इजा होईल अशा स्थितीतले बांधकाम दुरुस्त करायचा किंवा हटवायचा आदेश ते देऊ शकतात. अर्जाला बरणीचे फोटो, बादलीच्या नोंदी आणि दर आठवड्याला एकाच जागेवरून काढलेले फोटो जोडा. मी खात्यात असताना शंभर सह्यांच्या निवेदनापेक्षा तारखेनिशी लिहिलेली अशी वही आली की आम्ही गाडी काढून निघायचो.

मालकाशी बोलायला गेलात तर पाणी एकदम उपसून टाका असे म्हणू नका. पातळी झपाट्याने उतरली की आतल्या बाजूचा भिजलेला उतार घसरतो. पंप लावून दिवसाला फूटभर, मेअखेरपर्यंत, असे सांगा. आणि पावसात कुणीही बांध फोडून "थोडी वाट" करून द्यायची नाही. मातीत केलेली हातभर रुंदीची वाट अर्ध्या तासात दरवाजाएवढी होते.

पावसाळ्यात वस्तीतल्या दोघांची पाळी लावा. बांधावर जायचे नाही, समोरच्या उंच जागेवरून बघायचे. पाझर एकाएकी गढूळ झाला, पायथा फुगला, माथ्याची रेघ वाकडी दिसली किंवा तळ्यात भोवरा दिसला, तर कुणाला विचारत बसू नका. नाल्याच्या दोन्ही अंगांची घरे रिकामी करा, नाल्याच्या दिशेने नाही तर आडवे, उंच जागेकडे न्या, आणि चालता चालता 112 किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 लावा. ही वाट जूनच्या पहिल्या आठवड्यात म्हाताऱ्यांना आणि मुलांना घेऊन एकदा चालून पाहा, तीही अंधारात. तिवऱ्यालाही रात्रच होती.

राहिल्या त्या पत्र्याच्या शेड. वस्तीला बांध फुटल्यावर निदान एक-दोन मिनिटे मिळतील, पायथ्याच्या कामगारांना तेवढीही मिळणार नाहीत. त्यातले बरेच जण बाहेरून आलेले असतात आणि नोकरीच्या भीतीने सही करत नाहीत. म्हणून अर्जातली पहिली मागणी त्यांची लिहा: शेड बांधाच्या पायथ्यावरून आणि नाल्याच्या वाटेवरून पाऊस सुरू होण्याआधी हलवाव्यात. अंगणवाडी दुसऱ्या क्रमांकावर, पाणी उतरवणे आणि दोन चर खोदणे त्यानंतर.